गळालेली सातवी ओळ

...आणि वर म्हणतं काय, 'असू शकते'! म्हणजे बघा, सरळ तोंडावर बोलायचं नाही की बाबा पुंजाराम, तू चुकलास. नाही! 'ही टंकलेखकाची नजरचूक असू शकते.' असू शकते! अरे, चूक काढायची तर धड काढ ना, वर ही मऊ मऊ भाषा कशाला? आमचे जुने वकीलसाहेब चूक सापडली की कागदाचा बोळा करायचे आणि थेट माझ्या अंगावर फेकायचे, आणि पाच मिनिटांनी स्वतःच चहा मागवायचे, 'घे रे, पी.' त्यात एक आपलेपणा होता. हे मशीन ना ओरडत, ना चहा पाजत... पण थांबा. माझा मशीनवर राग नाही. आधीच सांगून ठेवतो. अजिबात राग नाही.

तुम्हाला सांगतो, मी वकिलाचा कारकून. आता कारकून, पण मूळचा टायपिस्ट! अठ्ठ्याऐंशी साली नाशिकच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसलो होतो, पुढ्यात टाइपरायटर. मिनिटाला साठ शब्द, मराठी, जोडाक्षरांसकट! सिन्नरचे, निफाडचे, कुठले कुठले पक्षकार यायचे, आणि वकील स्वतः सांगायचे, 'त्या लिंबाखालच्या पुंजारामकडे जा, चहा निवायच्या आत कागद हातात देईल.' लोक काम नसताना उभे राहून बघायचे हो! पुढे एका वकीलसाहेबांनी मला ऑफिसात घेतलं, ते वारले, ऑफिस त्यांच्या ज्युनिअर संजना मॅडमनी चालवायला घेतलं, आणि कपाटं, पंखा, भिंतीवरचं घड्याळ यांच्याबरोबर मीपण मॅडमकडे आलो.

मॅडम म्हणजे सोन्यासारखी पोरगी. रोज सकाळी आल्या आल्या 'जय भीम काका,' मग काम. तर एके दिवशी म्हणतात कशा, "काका, सोमवारपासून आपल्याकडे एआय येतंय." मला वाटलं, नवीन ज्युनिअर! आडनाव असेल काहीतरी दक्षिणेकडचं. मी खिडकीजवळची खुर्ची पुसली, टेबल रिकामं केलं, पाण्याची बाटलीसुद्धा भरून ठेवली... हसू नका! आणि सोमवारी आलं काय? मॅडमच्या लॅपटॉपमधलं ॲप्लिकेशन! त्याला खुर्ची नको, पाणी नको. नोटिशीचा मसुदा चाळीस सेकंदात. सहाशे पानांची फाईल वाचून दोन पानांत सार, आणि मराठी इतकं शुद्ध की मला माझ्याच भाषेची भीती वाटायला लागली. पण माझा मशीनवर राग नाही. मी ते लागलीच कबूल केलं, 'हुशार आहे हो मॅडम.'

आता ऐका. आमच्याकडे एक केस आहे वत्सलाबाईंची. पेठकडच्या डोंगरातलं गाव. म्हातारी काटक, रागीट, आणि मनाने... मनाने मोठी. भांडण कोणाशी? सख्ख्या भावाशी, हिरामणशी. कशावरून? विहिरीवरून. त्यांचा बाप मंगळू. या मंगळूबाबाने चौऱ्याण्णव साली, स्वतः हिंडता फिरता असतानाच, वाटणीपत्र करून जमिनीचे दोन तुकडे दोन्ही लेकरांना दिले. वत्सलाबाई नवरा गेल्यावर माहेरीच राहिलेली, बाप म्हणाला, पोरीलापण अर्धं. विहीर हिरामणच्या तुकड्यात आली. बाप होता तोवर दोघंही त्याच विहिरीचं पाणी भरत होते. बाप गेला, आणि वर्षभरात कशावरून तरी वाजलं, आणि हिरामणने विहिरीवर कुंपण घातलं. बाई म्हणे, "पाणी दोघांचं, बापानं लिहून ठेवलंय!" हा म्हणे, "दाखव कागदात कुठं हाय!" कागदात नाही. बाईकडे दाखवायला दुसरा कागद नाही, नुसती आठवण. आणि कोर्टात आठवणीवर काय होतं, तारखा होतात! अकरा वर्षं तारखा. अकरा वर्षं बाई ओढ्यावरून पाणी आणते, उन्हाळ्यात ओढा आटला की त्याच्याही पुढे जाते.

आणि दर तारखेला माझ्यासाठी काहीतरी आणायची हो! कधी करवंदं, कधी नागलीचे पापड. "तुलाच काय ती कळकळ हाय माझी," म्हणायची. हे लक्षात ठेवा. मी विसरू शकत नाही, तुम्ही तरी का विसरावं?

तर मॅडम म्हणाल्या, "काका, वत्सलाबाईंची सगळी फाईल स्कॅन करा, एआयला वाचायला देऊ." मी एकेक पान सरळ करून, पिना काढून, तीन दिवस स्कॅन केलं. माझ्या हाताने! बकऱ्याने स्वतःच सुरीला धार लावून द्यावी तसं! मॅडमनी बटण दाबलं, मशीनने वाचलं, आणि खाली लिहून आलं, 'पान ४१२ वर हस्तलिखित मसुदा आढळतो.'

पान चारशे बारा! त्या फाईलचं चारशे बारावं पान अकरा वर्षांत ना आम्ही वाचलं ना समोरच्या वकिलांनी. केस लावताना बाईने बापाच्या पेटीतले सगळे कागद न वाचताच आणून दिले होते, त्यातलंच हे. फिकी निळी शाई, गावातल्या मास्तरांनी लिहिलेलं, खाली मंगळूबाबाचा अंगठा. त्यावरूनच पुढे वाटणीपत्र टाइप झालं होतं. मशीनने मसुदा आणि वाटणीपत्र शेजारी शेजारी ठेवलं. मसुद्यात सहावी ओळ, 'पूर्वेकडचा तुकडा हिरामणला, त्यात विहीर.' सातवी ओळ, 'विहिरीचं पाणी दोघांचं, पहिली बादली बहिणीची.' आठवी ओळ, 'विहिरीपासून ओढ्यापर्यंत बांध सामाईक.' आणि वाटणीपत्रात? सहावी आहे, आठवी आहे. सातवी गायब! दोन्ही ओळी 'विहिरी'पासून सुरू होतात ना... नजर एकीवरून सुटली आणि दुसरीवर जाऊन बसली. ही टंकलेखकाची नजरचूक असू शकते.

मॅडम खुर्चीतून उठल्याच! "काका! सापडलं! बाई खरं बोलत होत्या!" मग स्क्रीनवर वाकून बघतात तर कागदाच्या तळाला बारीक अक्षरात, 'टं. पुं.' "काका, हा पुं. कोण हो?"

तुम्हाला सांगतो, त्या वेळी मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असेल कोणीतरी पुंडलिक."

खोटं बोललो! साफ! पुंडलिक! सदतीस वर्षं त्या लिंबाखाली... नाही, सहाच वर्षं लिंबाखाली, बाकी ऑफिसात... पण पुंडलिक नावाचा टायपिस्ट त्या फाटकाबाहेर कधी नव्हता. मी होतो. मला तो दिवससुद्धा आठवला. म्हातारा घाईत होता, पेठची एस.टी. सुटणार होती, आजूबाजूला चार लोक माझा वेग बघायला उभे, आणि मी असा सुटलो होतो की विचारू नका. शेवटी वाचून दाखवलं, तेपण धडाधड. म्हातारा 'बरं' म्हणाला, अंगठा दिला, गेला. साठ शब्द मिनिटाला! त्यातले सहा गळाले.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडवेना. बायकोला फोन लावला. "सुमन, माझ्याकडून एक चूक झालीये."

"आज कुठली?"

"आजची नाही गं. चौऱ्याण्णवची."

सगळं ऐकून घेतलं तिने, आणि म्हणाली, "मग मला काय सांगता? ज्या बाईने पाणी वाहिलं तिला सांगा." आणि ठेवला फोन! पस्तीस वर्षांचा संसार, 'जेवा आधी' एवढंसुद्धा नाही!

आत गेलो आणि मॅडमना म्हणालो, "पुंडलिक नाही. मी." वाटलं, आता बोळा येणार अंगावर. पण त्यांनी लॅपटॉप मिटला, आणि हळूच म्हणाल्या, "काका, हे कोर्टात सांगाल?" म्हणजे बघा! मला वाटलं होतं ऑफिसात सांगितलं की सुटलो. मी म्हणालो, सांगीन.

मग माझं प्रतिज्ञापत्र. कोणी लिहावं? मशीनने! 'मी, पुंजाराम, वय एकसष्ट, सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की...' चाळीस सेकंद! चूक माझी, आणि ती सांगणाऱ्या कागदात एकसुद्धा चूक नाही! किती लागलं मनाला! मी चष्मा पुसून पुसून वाचलं, कुठे काना, कुठे वेलांटी, काहीतरी सापडू दे रे... आणि सापडलं! सातव्या ओळीच्या जागी यानं काय लिहिलं होतं? 'सदर विहिरीच्या पाण्यावर उभयतांचा समान हक्क असून प्रथम उपभोगाचा हक्क भगिनीस राहील.'

मी म्हणालो, "मॅडम, हे चुकलंय."

"अर्थ तोच आहे की काका."

"अर्थ तोच असेल, पण मंगळूबाबा असं बोलला नाही. मंगळूबाबाने जन्मात 'भगिनी' म्हटलं नसेल. तो 'पहिली बादली' म्हणाला होता. एकदा मी त्याची ओळ खाल्लीये, आता मशीनला खाऊ देणार नाही." आवाज जरा चढलाच माझा. मॅडमनी गुपचूप बदललं. मशीनपण म्हणालं, 'आपण योग्य बाब निदर्शनास आणलीत.' माझा मशीनवर राग नाही! ऐकतं बिचारं. आमचे साहेब कधी ऐकत नसत.

प्रकरण मध्यस्थीला लागलं. कोर्टातलीच एक खोली, लांब टेबल, एका बाजूला वत्सलाबाई, दुसऱ्या बाजूला हिरामण, दोघं भिंतीकडे बघत. मध्ये मध्यस्थ म्हणून एक पोक्त वकीलबाई. समोरचे वकीलसाहेब घसा साफ करून मध्यस्थबाईंना म्हणतात, "मॅडम, मशीनने काढलेल्या गोष्टीला आम्ही किंमत देत नाही, उद्या मशीन म्हणेल ताजमहाल पेठला आहे!" मध्यस्थबाई म्हणाल्या, "मशीन राहू द्या, माणूस आलाय ना." आणि सगळे माझ्याकडे वळले.

उभा राहिलो. म्हणालो, "वाटणीपत्र मी टाइप केलं. एक ओळ माझ्याकडून राहिली." मूळ कागद हातात दिला त्यांनी, आणि मी वाचलं, बोट ठेवून, हळू, जन्मात वाचलं नव्हतं इतकं हळू. "विहिरीचं पाणी दोघांचं, पहिली बादली बहिणीची."

हिरामण भिंतीकडे बघत होता तो वळला. "परत वाच."

वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाचलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली. "बापच हाय हा," म्हणाला. "असाच बोलायचा. लहानपणी रहाटावर उभा राहून हेच म्हणायचा, पहिली बादली बहिणीची... मी विसरूनच गेलो व्हतो." आणि मग बहिणीकडे न बघताच, "मला तं वाटलं तू खोटं बोलते."

वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झालं, आता गळ्यात पडतील, मी हळूच मागे सरकलो... तर म्हातारी कडाडली! भावावर नाही, माझ्यावर! "अकरा वर्षं मी तुला करवंदं आणते रे मेल्या!" आणि हिरामणपण उठला, "हा ना! याच्या एका ओळीपायी मी पोरीच्या लग्नाला बहिणीला बोलावलं नाय!" ती म्हणे, "वाचून दाखवताना झोपला व्हता का?" हा म्हणे, "बापाला अडाणी समजला काय!" एक थांबला की दुसरा! अकरा वर्षांत एकमेकांशी शब्द नाही, आणि आता बघा, एका सुरात, एका ताटात जेवल्यासारखे मला खातायत! मध्यस्थबाई तोंडावर फाईल धरून हसतायत. समोरचे वकीलसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "बसा हो, बसा." मी कान धरून उभा. खरंच धरले होते. पण तुम्हाला खरं सांगू? शिव्या खाताना इतकं बरं आयुष्यात वाटलं नव्हतं.

तडजोड झाली. चार दिवसांनी कुंपण काढलं त्याने. मला बोलावणं आलं, मीपण गेलो, नाही कसं म्हणणार? हिरामणने विहिरीतून बादली ओढली आणि बहिणीच्या हंड्यात ओतली. म्हातारी हंडा उचलून चालायला लागली, चार पावलांवर थांबली, वळून म्हणाली, "जेवून जा रे." कोणाला म्हणाली कळेना, म्हणून आम्ही दोघंही गेलो. वाढता वाढता मला म्हणते, "तुमचं ते मशीन चुकत नाय म्हणतात. मग त्याच्यावर इश्वास कसा ठेवायचा? तू चुकतो, आन् सांगतोपण."

झालं! ही गोष्ट डोंगरावरून खाली यायला किती वेळ? दुसऱ्या सोमवारी ऑफिसात येतो तर जिन्यात रांग. हातात पिशव्या, पिशव्यांत पिवळे पडलेले कागद. पेठचे, सिन्नरचे, येवल्याहून एक आजी. "काका, आमचंपण तुम्हीच टाइप केलेलं. जरा बघता का, काही गळालंय का?" सहा वर्षं लिंबाखाली बसून, चहा निवायच्या आत एकेक, किती कागद टाइप केले असतील मी, करा विचार! आता मशीन मसुदा आणि टाइप केलेला कागद शेजारी ठेवतं, मी बोट ठेवून वाचतो. आत्तापर्यंत तीन ओळी आणि एक आख्खा चुलता सापडलाय!

वकिलांच्या बाररूममध्ये सगळे मला सांगत होते, एआय आलं ना, पुंजाराम, आता तुझी खुर्ची गेली. काल मॅडम कॅलेंडर घेऊन बसल्या, रांगेचा हिशेब केला, आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला अजून आठ वर्षं तरी सोडता येणार नाही." लोक कामाच्या जोरावर नोकरीत कायम होतात हो... मी चुकांच्या जोरावर झालो.