दसऱ्याच्या लोंब्या

झाडांच्या योजनेचं मला नका सांगू. शेतात झाडं लावली की पैसे मिळतात म्हणून आमच्या अख्ख्या वाडीने भात सोडून साग लावला. मीही लावला. एकटा बाबलकाका भात करत राहिला.

दसऱ्याला दाराला नव्या भाताच्या लोंब्या बांधायच्या, म्हणून सकाळीच सगळी वाडी काकाच्या शेतात. देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार? बघता बघता त्याचं अर्धं शेत बोडकं झालं. शेवटी योजनेचे साहेब आले. त्यांनाही जीपला बांधायला लोंब्या हव्या होत्या.

काकाने विचारलं, “साहेबानु, झाडां लावतल्याक तुमी पैसे दितास. भात लावतल्याक काय गावता?”

“तशी योजना नाही हो, काका.”

“मगे गाडयेक सागाची पानां बांधा!”