शेगडीजवळची खुर्ची

...नाही, पण मला एक सांगा, थंडीत मासा वर येतो का? तुम्हीच सांगा! जानेवारी महिना, धरणाच्या पाण्यात बोटं बुडवली तर बाहेर काढून मोजून घ्यावी लागतात, अशा पाण्यात बास मासा कुठे असतो? तळाला. खोल, दगडांच्या कपारीत, सुस्त पडलेला. शहाणा माणूस आमिष सोडतो ते तळापर्यंत, आणि ओढतो हळूहळू, इतकं हळू की ओढणाऱ्यालाच डुलकी यावी. माझे वडील असेच धरायचे, मी असाच धरतो, अख्खं आर्कान्सा राज्य असंच धरतं. आणि हा वेंडल, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, दुकानात गाद्या विकतो हो, गाद्या... हा भर थंडीत पाण्यावर तरंगणारा लाकडी मासा टाकतो! उन्हाळ्यातलं आमिष! आणि त्याला बास लागतात. आता मी जळत नाही हं, मी फक्त सांगतोय.

तुम्ही म्हणाल, लागेनात का, तुझं काय जातं? माझी खुर्ची गेली ना! धक्क्यावर ओपलबाईंचं दुकान आहे, आमिषं, दोरे, कॉफी, सगळं तिथेच. मधोमध लाकडांची शेगडी, आणि शेगडीला लागून एकच हातांची खुर्ची. बाकी सगळी स्टुलं. हिवाळ्यात ज्याचा मासा सगळ्यांत जड, खुर्ची त्याची, दुसरा कुणी त्याहून जड आणेपर्यंत. आमचे बर्लकाका, गुडघे इतके धरलेले की उठताना कुरकुर दुकानभर ऐकू येते, पण तेही स्टुलावरच बसतात, खुर्चीला हात लावत नाहीत. त्या खुर्चीत मी बसायचो. किती हिवाळे बसलो असेन, तिच्या उशीला माझा आकार आलाय.

आणि एके दिवशी सकाळी हा वेंडल दारातून आत आला, हातात हे एवढं धूड. ओपलबाईंनी काट्याला लावलं, चष्मा पुसला, परत बघितलं, आणि मला म्हणतात, "व्हर्लिन, ऊठ रे बाबा." ऊठ रे बाबा! जसा काही मी बसमध्ये म्हाताऱ्यांच्या जागेवर बसलो होतो. बरं, वेंडलनं तरी मिरवावं की नाही? छाती काढावी, दोन टोमणे मारावेत, म्हणजे आपल्यालाही रीतसर भांडता येतं. तर हा म्हणतो कसा, "दाजी, बसा हो तुम्ही, मला काय, कुठेही चालतं." असं म्हटल्यावर कोण बसेल? उठलो. स्टुलावर बसलो, दाराशी, जिथून वारा थेट पाठीत घुसतो. पण जळत नाही हं मी.

घरी आलो तर ग्लेंडा. माझी बायको. तिला दुकानात काय झालं ते माझ्या आधी कळतं. "अहो, तोंड कशाला पाडता? साधा आहे आमचा वेंडल. जा की एकदा त्याच्याबरोबर, शिकाल काहीतरी." शिकाल! मी! त्या पोराला दोऱ्याची गाठ मारायला मी शिकवली, अजून सैल मारतो! "मग तुमची घट्ट गाठ घेऊन बसा स्टुलावर," म्हणाली, आणि भांडी घासायला लागली.

मग मी काय केलं, माझ्या बोटीचं इंजिन बिघडलंय असं सांगितलं. इंजिन ठणठणीत होतं. पण त्याची विद्या बघायची तर त्याच्या बोटीत बसायला नको? "या की दाजी," तो खूश, "कॉफी मी आणतो." निघालो. पाण्यावर वाफ, गळाच्या काठीवर दोरा ओवायच्या कड्यांत बर्फ धरलेला, कड्या तोंडात धरून वितळवाव्या लागत होत्या. वेंडलनं आमिष टाकलं खडकाळ काठाला, काठी ठेवली मांडीवर, आणि सँडविच काढलं. मी वाट बघतोय. पाण्यावरची वर्तुळं पसरली, विरली, पाणी आरशासारखं झालं, आणि हा चावतोय. "अरे, हलव की ते," मी म्हटलं. "हलवतो ना दाजी, एवढा घास होऊ दे." घास झाला, मनगटाला एक बारीक हिसका, लाकडी मासा जरासा वळला... आणि साहेबांचा पुढचा घास! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही विद्या नव्हे हो, ही भूक आहे! थंडीत मासा धावत नाही, खालून नुसता बघत बसतो, बघता बघता वर येतो, आणि तोवर हा जेवत असतो म्हणून आमिष तिथेच असतं! असल्या माणसाला शेगडीजवळची खुर्ची? माझ्या पोटात नुसता जाळ... म्हणजे थंडी होती म्हणून हं.

मीही टाकलं तरंगतं आमिष. होय, टाकलं. पण हात स्वस्थ बसेल तर शपथ! आणि तेवढ्यात दिसला मला, आमिषाखाली, हिरवी पाठ, रुंद, सावकाश वर येणारी. आता पाणी उडालं तरी काठी ओढायची नाही, हाताला वजन लागेपर्यंत थांबायचं, हे अर्ध्या धक्क्याला मी शिकवलंय. मासा आला, जबडा उघडला, पाणी उडालं आणि मी ओढली! आमिष सुसाट परत आलं आणि माझ्याच टोपीत रुतलं.

"हलू नका दाजी," वेंडल म्हणाला, "आमिषाचा एक गळ कानाला टेकलाय. ही माझी काठी धरा, मी सोडवतो." बसलो. त्याची काठी माझ्या हातात, त्याचं आमिष पाण्यावर, त्याची थंडगार बोटं माझ्या कानाशी, हलायची सोय नाही. हिसकासुद्धा देता येईना. आणि त्याच्या आमिषाशी पाणी उडालं! ओढावंसं किती वाटलं म्हणून सांगू, पण कान माझा आहे ना! थांबलो. हाताला वजन लागलं, असं वजन की काठी वाकून पाण्याला टेकली, तेवढ्यात "सुटला हो गळ" म्हणून वेंडल बाजूला झाला, आणि मी रीळ फिरवत, देवाचं नाव घेत, आणला बोटीत.

वेंडलच्या माशाहून जड भरला. ओपलबाईंच्या काट्यावर, सगळ्यांदेखत. मी तोंड उघडायच्या आत वेंडलच ओरडला, "दाजींचा आहे हो! ओढला त्यांनी, मासा त्यांचा." बर्लकाकांनी मान डोलावली, आणि मी बसलो, खुर्चीत. आहाहा... शेगडी धगधगलेली, पाय लांब केलेले, आता विचारा म्हटलं, विचारा मला, कसा धरला.

"वेंडल," बर्लकाका म्हणाले, "आमिष टाकलं होतंस कुठे?" आणि सरकली की हो सगळी स्टुलं! वेंडल दाराशी बसलेला, म्हणून सगळे दाराशी. ओपलबाईसुद्धा किटली घेऊन तिकडेच. मी खाकरलो, लाकूड घातलं शेगडीत, पुन्हा खाकरलो. कोण बघतंय! बरं, वेंडल बोलतो हळू, तोंडात बिस्किट, मला इथे एक अक्षर ऐकू येईना. आता काय करणार, सांगा? उचलली खुर्ची, नेली दाराशी, आणि बसलो कुडकुडत सगळ्यांच्या मागे, मी मासा कसा धरला ते ऐकत.