सहा सेकंद

नेपरव्हिलहून लोकल ट्रेनने शिकागोला जाताना मागच्या सीटवर मराठी ऐकू आलं, म्हणून हेडफोन काढले. एक काका, एक मुलगी, तिच्या मांडीवर खोकं.

"वल्लरी, तुमची लायब्ररी हे फेकणार होती?"

"हो काका. रायटर मोठा होता, सिनेमाच्या स्क्रिप्ट्स ठेवल्या. रेडिओ-नाटकांच्या नको म्हणाले. रेकॉर्डिंगच नाहीये."

"किती आहेत?"

"चारशे बारा. हे एकच खोकं उचलता आलं, बाकीची तिथेच आहेत. दर आठवड्याला एक, लाइव्ह. वेस्ट कोस्टला घड्याळ तीन तास मागे, म्हणून त्यांच्यासाठी तीन तासांनी सगळं परत करायचे."

"बाप रे. समासात आकडे कसले?"

"सेकंद. हे बघा. दार उघडतं, सहा सेकंद कोणी बोलत नाही."

"रेडिओवर? छाती पाहिजे यार."

"माझ्या रूमवर जागा नाही. निदान एक तरी नाटक कोणीतरी ऐकायला हवं होतं."

"मग वाचू. तू आई, मी मुलगा. माझं इंग्लिश नागपूरचं आहे हां."

"चालेल काका."

"मॉम, इट्स मी. ओपन द डोअर."

दोघं गप्प. तिकीट बघायला आलेला कंडक्टरही थांबला. मी मोजले, बरोबर सहा.

"वेलकम होम."

"वल्लरी, सगळी खोकी माझ्या गॅरेजमध्ये ठेवू. पान उलट."