खालच्या मजल्यावरच्या आजी

हसू नका, पण आमच्या जे. पी. नगरच्या चर्चमध्ये मी दर रविवारी गरजूंसाठी डबे भरायला जातो. निघताना एक डबा पिशवीत टाकतो आणि तिथला स्वयंपाक बघणाऱ्या स्टेलाअक्कांना सांगतो, "खालच्या मजल्यावर एक आजी एकट्याच असतात, त्यांना देतो."

आजीबिजी कुणी नाही. बायको गेल्यापासून तो डबा मीच खातो.

एकदा अक्कांनी विचारलं, "आजींना सांबारभात आवडला का?"

"आवडला. मीठ स्वल्प कमी होतं म्हणाल्या."

पुढच्या रविवारी अक्कांनी स्वतः डबा हातात दिला. "आज मीठ बरोबर आहे. आणि आजींना म्हणावं, घरी एकटं कशाला जेवायचं? इथंच आमच्याबरोबर बसा. मिशा असल्या तरी चालेल."

"सरी, बरं, विचारतो त्यांना," म्हणालो आणि डबा घेऊन घरी आलो.