पाहुण्यांचा भोंगा

—सकाळी आठ वाजता, बंदरावर, मासळी धुवायच्या शेडमध्ये. झालं समाधान? कालपासून विचारताय, खरंच इथं अस्वल माणसावर आलं का हो. आलं. माझ्याच धाकट्या भावावर आलं. आता तरी बसा, चहा निवतोय. आणि तो कॅमेरा खुर्चीवर ठेवा, टेबलावर नको— एवढी लांब नळी, मला वाटलं बोटीचाच काही भाग सुटून आला. कोणावर रोखणार आहात? सासूबाईंवर? अहो, माझ्या नाही, माझ्या वरच्या मजल्यावर झोपल्यात, त्यांचा फोटो काढायला जाल तर कॅमेऱ्यासकट खाली याल. इथं त्या अस्वलालाच सासूबाई म्हणतात. मादी आहे ना. सगळं गाव म्हणतं. न कळवता येतात, आल्या की थेट स्वयंपाकघराकडे जातात, एकेका डब्याचं झाकण काढून वास घेतात, आणि आपण तोंड उघडलं की अंगावर येतात— आता तुम्हीच सांगा, दुसरं काय नाव ठेवणार?

घाबरलात? नाही? मग ब्रेड हातात धरून का बसलात, खा की. अहो, भोंगा आहे ना. ती धक्क्याच्या टोकाला पत्र्याची चौकी दिसते का— नाही, ते शौचालय, त्याच्या पुढे— तिथं भोंगेवाला बसतो. सासूबाई टेकडीवरून उतरताना दिसल्या की दोनदा वाजवतो. दोन भोंगे म्हणजे असाल तिथून आत, दार लावून गप्प. दुकानदार शटर ओढतात, बायका पोरांना दंडाला धरून घरात घेतात, एका मिनिटात रस्ता रिकामा. आणि एकच वाजला तर— एकच वाजला तर काही नाही. साखर पुरे ना? काय असं बघताय? बरं, सांगते, पण गावात बोलायचं नाही. एक भोंगा तुमचा. म्हणजे पाहुण्यांचा.

हसू नका. तुम्ही माणसं अस्वल बघायला येता, तीन दिवस राहता, अस्वल काही तुमच्या सुट्टीप्रमाणे येत नाही. मग जाताना तोंड पाडता आणि घरी जाऊन सांगता, तिथं बघण्यासारखं काही नाही. म्हणून आमच्या लॉजवाल्यांच्या कमिटीनं ठरवलं की अधूनमधून एक भोंगा वाजवायचा. पाहुणे धावत व्हरांड्यात येतात, आम्ही त्या तपकिरी खडकाकडे बोट दाखवतो— 'आत्ता होत्या, अगदी आत्ता मागे गेल्या!' —आणि खडकाचे पन्नास फोटो निघतात. गेल्या महिन्यात एकीला त्या खडकाचे कान दिसले. शेपूटही दिसलं म्हणाली! मी म्हटलं, बाई, नजर आहे तुमची. यात कोणाचं काय बिघडलं? गावाला माहीत होतं— एक तो तमाशा, दोन ते खरे. सरळ हिशोब. कोणी ठरवला म्हणजे? कमिटीनं, सांगितलं की. बैठक कुठं झाली याला काय महत्त्व आहे? इथंच झाली, तुम्ही बसलाय त्याच टेबलाशी, पण चहा माझा होता म्हणजे कल्पना माझी होती असं होत नाही ना. पहिल्यांदा कोणी सुचवलं ते आता कोणाच्याच लक्षात नाही.

तर भाऊ. त्या दिवशी तो शेडमध्ये टोपल्या धूत होता, पाठ दाराकडे. भोंगा झाला. एक. बर्फवाला म्हणाला, चल रे, आत होऊ. हा म्हणतो, 'एकच झालाय, ताईचे पाहुणे उठले असतील'— आणि पुन्हा टोपलीत हात घातला. ताईचे पाहुणे! आता त्या दिवशी आमच्या लॉजचा भोंग्याचा वार नव्हताच. म्हणजे होता, पण मी दहाचा सांगितला होता. मांडीचा एवढा लचका गेला. बर्फवाल्यानं बर्फाची लादी फोडायचा लोखंडी दांडा पत्र्यावर बडवला म्हणून निदान माणूस तरी राहिला.

आणि कमिटी काय म्हणते? भोंगा वाजला होता, तो आत गेला नाही, चूक त्याची. चूक त्याची! भोंगेवाला शपथेवर सांगतो, मी दोनदा खटका दाबला. दाबला असेल हो, दाबायला काय जातंय? भोंगा चालतो हवेवर. हवेची टाकी असते, ती हातगाडीवर घालून बोटी दुरुस्त करतात तिथं न्यायची आणि भरून आणायची. पहिल्या दाबाला वाजला, दुसऱ्या दाबाला नुसतं फुस्स. पाहुण्यांसाठी वाजवून वाजवून टाकी संपली होती. मी भर बैठकीत विचारलं, टाकी भरून आणायचं काम कोणाचं? भोंगेवाला म्हणतो, मी वाजवतो, ओढत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, आणली तर भरतो. अध्यक्ष म्हणतात, आपण भावनेच्या भरात बोलताय, वहिनी. मी म्हटलं, भावनेच्या नाही, भावाच्या मांडीच्या भरात बोलतेय! तर त्यांनी तोडगा काय काढावा? चौकशी होईपर्यंत टाकीला कोणी हात लावायचा नाही. पुरावा आहे म्हणे. तेव्हापासून टाकी अध्यक्षांच्या गोदामात कुलपात, आणि भोंगेवाल्याकडे एक छोटी नळकांडी दिलीय. फुटबॉलात हवा भरायच्या पंपानं भरतो बिचारा, तास तास. एका भोंग्यापुरती भरते. म्हणजे पाहुण्यांचं भागलं, बघा! तमाशा चालू, खरं बंद.

अं? मग मी गप्प का? गप्प कुठंय, तुम्हाला सांगतेय ना कधीची. आणि लॉज बंद करून खाऊ काय, खडकाचे फोटो? ... बरं बाबा, सांगूनच टाकते. आज तुमच्यासाठीही सांगून ठेवलाय. नऊचा. तोंड असं करू नका, एवढ्या लांबून आलात, तुम्हाला रिकाम्या हातानं पाठवायला मला बरं वाटेल का? भावाला सकाळी सांगितलं मी, नऊला एक होईल, दचकू नकोस, तो माझाच. आज पहिल्यांदा कामावर गेलाय तो, काठी घेऊन. नको म्हटलं, अजून आठ दिवस पड. तर म्हणतो, घरी बसलो की सगळे म्हणतात चूक याची होती म्हणून तोंड लपवतोय. ती निळी शेड दिसते ना चौकीच्या अलीकडे, तिथं दाराशी वाकलेला— तो. हात केला तर ओळखेल, पण आता पाठ आहे त्याची. काय म्हणाला होतात मघाशी, तुमच्या घरी कोण कोण—

ऐकलंत?

बसा. कॅमेरा राहू द्या. बसा म्हणते ना! तुमचा नाही हा, तुमचा नऊचा होता, ते घड्याळ बघा, साडेआठच झालेत अजून. आणि तो बघा, मान वर करून हसला आणि पुन्हा टोपलीत— अरे, वळ ना! गप्प बसा हो जरा, दुसरा होतो का ऐकू दे मला.

दुसऱ्यापुरती हवा कुठंय भोंगेवाल्याकडे.