शंभर किलोमीटरला सहा लिटर

(पूर्व फिनलंडमधला, माणूस नसलेला पेट्रोल पंप. जानेवारीतला बुधवार, उणे अठरा. गाडीत ताउनो आणि त्याची बायको हिल्क्का, चाकावर हिल्क्का.)

ताउनो : पंच्याण्णव ऑक्टेनच्या नळीला हात लावू नकोस. अठ्ठ्याण्णवच भर.

हिल्क्का : अरे, मागच्या दोन खेपांना तेच भारीतलं भरलं. त्याने काय दिवे लावले?

ताउनो : तोच तर घोळ आहे. पंच्याण्णवमध्ये मद्यार्क जास्त, म्हणून गाडी थोडं जास्त पिणार, हे मला कबूल. पण थोडंच. मी चालवत होतो तेव्हा अशाच थंडीत शंभर किलोमीटरला पाच लिटर लागायचं. तू चाक हातात घेतलंस आणि सहाच्या वर गेलं. म्हटलं पेट्रोल बदलून बघू. बदललं, तरी सहाच.

हिल्क्का : म्हणजे खोट माझ्या चालवण्यात.

ताउनो : तसं कुठे म्हणालो? तू तर मिरवणुकीतल्यासारखी हळू चालवतेस. हायब्रीडला तेच लागतं, निम्मा रस्ता बॅटरीवर सरकते. म्हणून तर डोकं चालेना. म्हणून आज तुझ्याबरोबर चर्चमधल्या गाण्याच्या सरावाला येतोय, स्वतः बघायला.

हिल्क्का : सोड ना तो नाद, ताउनो.

ताउनो : काय काय सोडू? डोळे अधू झाले, लायसन्स गेलं, चाक गेलं. कुठलं पेट्रोल घालायचं आणि किती जळलं, एवढं एकच काम उरलंय मला. तेही सोडू?

हिल्क्का : नको. ते नको सोडू.

ताउनो : टाकी गळत असणार. उद्या गॅरेजला दाखवू.

हिल्क्का : टाकी ठणठणीत आहे. पेट्रोलही दोन्ही चांगली आहेत. बुधवारी गाडी उभी असते आणि हीटर चालू असतो, म्हणून जळतं.

ताउनो : चर्चबाहेर? रिकाम्या गाडीत हीटर?

हिल्क्का : चर्चला मी हिवाळा लागल्यापासून गेलेच नाहीये. विर्पीच्या घरासमोर असते.

ताउनो : विर्पीच्या. जिने डॉक्टरला फोन करून बापाचं लायसन्स घालवलं, तिच्या.

हिल्क्का : जिने तुझ्या चाकाखाली कुणाचं पोर येऊ दिलं नाही, तिच्या.

ताउनो : तू मला शब्द दिला होतास.

हिल्क्का : आणि पाळलाय. तू म्हणालास, त्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. नाही ओलांडला. विर्पी कॉफी घेऊन गाडीत येते, नीलो मागे बसतो. बसतो आम्ही तासभर. गाडी जागची हलत नाही, पण आत ऊब राहावी म्हणून इंजिन सारखं चालू होतं.

ताउनो : उणे अठरामध्ये गाडीत भेटीगाठी. लोक हसत असतील.

हिल्क्का : हसू देत. लेक आहे रे ती माझी. राहवत नाही मला.

ताउनो : तरीच मागच्या सीटवर बनचा चुरा. मला वाटलं, उंदीर शिरला.

हिल्क्का : तो तुझा नातू.

ताउनो : काय म्हणतो?

हिल्क्का : विचारतो, आजोबा का येत नाहीत. मी सांगितलं, घरी पेट्रोलचा हिशेब करतायत. तर म्हणाला, मग आमच्याकडे येऊन करू देत, आमचं टेबल मोठं आहे.

ताउनो : आणि ती?

हिल्क्का : रडते. म्हणते, बाबा जन्मभर बोलले नाहीत तरी चालेल, पण जिवंत असू देत.

(मागून एका गाडीच्या दिव्यांचा उजेड पडतो.)

हिल्क्का : मागे गाडी येऊन थांबलीय. कुठलं भरू, सांग.

ताउनो : पंच्याण्णव भर. गाडीला तेवढं पुरतं.

हिल्क्का : आणि मग? परत घरी?

ताउनो : घरी कशाला? आज बुधवार ना? चल नेहमीसारखी. पण तिथे पोचलीस की गाडी बंद करायची. हीटर नाही, काही नाही.

हिल्क्का : अरे, गारठशील तू. दहा मिनिटंसुद्धा बसवणार नाही.

ताउनो : म्हणूनच म्हणतोय. बसवेनासं झालं की मला दार वाजवावं लागेल.