एकोणीस केक आणि एक शेळी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय शेषरावजी, मुख्याध्यापिका रेणुका मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती उकंडराव काका, पहिल्या रांगेतल्या मनकर्णा काकू, शिक्षकवृंद आणि समस्त उंद्रीकर, सर्वांना माझा सविनय जय भीम आणि नमस्कार.

मी मंजुश्री. दयाराम यांची मुलगी, याच शाळेची माजी विद्यार्थिनी आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे शेवटचं बाबा मला प्रत्येक माईकवर सांगायला लावतात. ते मागे दाराशी उभे आहेत, म्हणून सांगितलं.

काकांनी या शाळेची घंटा एकतीस वर्षं वाजवली. मी शेतातल्या वस्तीवरून चालत यायचे, रोज उशीर व्हायचा. तरी माझा एकही उशीर हजेरीत नाही. का? मी फाटकाच्या आत आल्याशिवाय काकांच्या हातातली हातोडी घंटेवर पडायचीच नाही. मॅडम, ते आज निवृत्त होत आहेत, म्हणून सांगायला हरकत नाही.

काकांना शुगर आहे, आणि गोडाची ओढ किती, ते काकूंना विचारा. अन्नशास्त्राची पदवी मिळाली तेव्हा मी ठरवलं, अशा माणसांसाठी बिनसाखरेचा केक करायचा. त्यांनी वाढदिवसाला काय नुसत्या टाळ्याच वाजवायच्या? कुकरमध्ये मिठाचा थर, त्यावर डबा. डब्यात ज्वारीचं पीठ, दही, शेंगदाण्याचा कूट आणि गोडीला स्टीव्हियाची पूड. दर रविवारी एक केक काकांकडे पोचवायचा. दोन तासांनी जाऊन त्यांचं बोट टोचायचं, आकडा वहीत लिहायचा.

"काका, कसा झाला?"

"एक नंबर, पोरी."

अठरा रविवार, अठरा वेळा एक नंबर. आकडेही असे की डॉक्टरांनी पाठ थोपटावी. बचतगटाच्या प्रदर्शनासाठी मी फलकसुद्धा रंगवला, ‘उकंडकाकांच्या बोटावर सिद्ध झालेला केक’.

एकोणिसाव्या रविवारी बोट टोचायला मी तासभर आधीच पोचले. केक शेळीपुढे होता.

काकू शांतपणे म्हणाल्या, "मले वाटलं तुले माहीत हाय. पहिल्यापासून तीच तं खाते वं."

"काका, तुम्ही काऊन खात नव्हते?"

"पहिल्याचा एक घास खाल्ला ना मी. इटेवानी टणक लागला. पण तू एवढ्या दुरून घेऊन येऊन राह्यली, तुले तोंडावर कसं सांगू?"

म्हणजे बोट काकांचं आणि केक शेळीच्या पोटात. ती एवढी गुटगुटीत झाली होती, की गाभण आहे समजून काकूंनी शेजाऱ्यांना एक करडू द्यायचंही कबूल केलं होतं.

फलक मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. प्रदर्शन येत्या गुरुवारी आहे. त्यात जायचं की नाही, हे मला आजच ठरवायचंय, कारण काका उद्या मुलीकडे लोणारला निघाले. म्हणून हा टेबलावरचा विसावा केक. दही वाढवलंय, विलायची घातलीय, पीठ दोनदा चाळलंय. साखर नाही, पण पीठ आहे. तेव्हा तुकडा एकच, आणि गोळ्या चालूच ठेवायच्या.

शेषरावजी, काकांसाठी उचललेला तो पेढा कृपया ताटात परत ठेवा. माझा आकडा बिघडेल.

काका, घ्या. इथे शेळी नाही. आणि एक विनंती आहे. आयुष्यभर तुम्ही माझ्यासाठी घंटा थांबवली. आज थांबवू नका, वेळेवर वाजवा, केक कसा झाला ते खरं सांगा.

काका चावत आहेत. अजून चावत आहेत. काकू, तुम्ही मध्ये बोलू नका. काय म्हणता काका? माईकवर सांगा.

"थोडा कोरडा हाय. विलायची लय झाली." हो, लिहून घेते. "पण हा शेळीले नाई द्यायचा."

धन्यवाद, काका. मी गुरुवारी जाते. फलक मात्र नव्यानं रंगवावा लागेल.

मॅडमनी मला पाच मिनिटं दिली होती, मी दहा घेतली. तरी आपण ऐकून घेतलंत, आपली आभारी आहे. दोन तासांनी काकांचं बोट टोचायचंय, तोवर त्यांना कोणी काही भरवू नये. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर लेक समजून सांभाळून घ्या. आणि काकू, पहिल्या एकोणीस केकबद्दल मी माफी मागितली, हे घरी गेल्यावर तेवढं शेळीच्या कानावर घाला.